लग्नपत्रिकेवरचे नाजूक अक्षर: निवड, छपाई आणि तुमचे हक्क

लग्नसराई जवळ आली की छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात तेच प्रश्न ऐकू येतात. ‘मोबाइलवर इंग्रजी पत्रिका पाहिली. नावं अगदी पेनाने लिहिल्यासारखी होती. तसंच मराठीत हवंय.’ किंवा, ‘फॉन्ट उतरवला, पण मराठी टाइप केलं की साधंच अक्षर येतं.’ आणि छापून झाल्यावर, ‘आजोबांना गावाचं नावच वाचता येत नाही.’ जालना शहर असो, अंबड असो की भोकरदन, गोंधळ सगळीकडे सारखाच आहे. म्हणून हा लेख फॉन्टचा इतिहास सांगत नाही. हस्ताक्षरासारखे नाजूक अक्षर कुठे वापरावे, कुठे टाळावे, पैसे देण्यापूर्वी काय तपासावे आणि काम बिघडले तर काय करावे, एवढेच इथे सांगितले आहे.

आधी ठरवा: हे अक्षर किती शब्दांपुरते?

नाजूक अक्षर पाहण्यासाठी असते, पत्रिका मात्र वाचण्यासाठी. त्यामुळे मजकुराचे सरळ दोन भाग करा.

- नाजूक अक्षरात चालेल: वधूवरांची नावे, ‘शुभविवाह’ किंवा ‘सस्नेह निमंत्रण’ असे मोठ्या आकारातले दोन-चार शब्द.
- साध्या, स्वच्छ अक्षरातच हवे: तारीख, वार, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचे नाव, गाव-तालुका-जिल्हा, फोन नंबर, निमंत्रकांची आणि आप्तांची नावे.

‘सगळी पत्रिका एकाच सुंदर अक्षरात’ हा आग्रह सोडा. मुहूर्ताची वेळ वळणदार अक्षरात घातली तर सगळ्यात आधी वऱ्हाडी मंडळींचा गोंधळ होतो.

ही शिकवण आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. तरुणपणी हौसेने काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावे. कागदाच्या चहूबाजूंनी मोकळी जागा सोडावी. अक्षराचा आकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राखावा. हे सगळे सल्ले त्या समासात आहेत, आणि पत्रिकेचा मजकूर मांडताना ते आजही जसेच्या तसे लागू पडतात.

मराठी टाइप केल्यावर अक्षर का बदलते?

पेनाने लिहिल्यासारखे दिसणारे बहुतेक इंग्रजी फॉन्ट फक्त रोमन अक्षरांसाठी बनवलेले असतात. त्यांत देवनागरी अक्षरेच नसतात. तुम्ही मराठी टाइप केले की संगणक गुपचूप ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’सारखा दुसरा फॉन्ट लावतो. म्हणजे तुमचा फॉन्ट बिघडलेला नाही, त्याला मराठी येतच नाही. पुन्हा उतरवून काही उपयोग नाही. फॉन्ट शोधतानाच ‘देवनागरी’ ही चाळणी लावा. ऑनलाइन डिझाइनच्या ॲपमध्येही भाषेनुसार फॉन्ट निवडण्याची सोय बहुधा असते.

देवनागरी आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. अनेक फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. पुढचे शब्द टाइप करा आणि मोठे करून पाहा:

- वऱ्हाडी, गावकऱ्यांना: ‘र’चा अर्धा भाग आडव्या कोयरीसारखा दिसला पाहिजे. रफार झाला किंवा पाय मोडलेला ‘र’ दिसला, तर फॉन्ट मराठीला अपुरा आहे.
- ॲड., ॲग्रो, ऑगस्ट: वकिलांच्या नावाआधीचे ‘ॲड.’ इथे हमखास फसते. ‘अ‍ॅ’चा चंद्र भलतीकडे जातो किंवा जागी रिकामा चौकोन येतो.
- मत्स्योदरी, विठ्ठल, त्र्यंबक, ज्ञानेश्वर, हृषीकेश: जोडाक्षरे नीट जुळतात का, ते इथे कळते.
- शुभ, लग्न, मंगल: ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत का? राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ सांगितले आहेत. घरगुती पत्रिकेवर ती सक्ती नाही, पण मराठी डोळ्याला हिंदी वळण खटकते.
- ५, ८, ९: या अंकांची मराठी आणि हिंदी रूपे वेगळी असतात. तारखेत आणि फोन नंबरात चुकीचे रूप गोंधळ करते.

काही फॉन्टमध्ये मराठी वळणे असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ती दिसत नाहीत. फॉन्ट नाकारण्यापूर्वी एवढे एकदा करून पाहा.

कोणते पर्याय आहेत?

गूगल फॉन्ट्सवर पुढचे देवनागरी फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्यात मिळतात:

- कलम: इंडियन टाइप फाउंड्रीचा. रोजच्या पेनाच्या हस्ताक्षरासारखा, किंचित कललेला. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाड्या. बारसे, वाढदिवस, घरगुती निमंत्रण यांना शोभतो.
- तिलाना: त्याच फाउंड्रीचा, गोलसर आणि मोकळा. पाच जाड्या असल्यामुळे कागद आणि छपाई पाहून बारीक-जाड निवडता येते.
- अमिता: टाकाने काढल्यासारखा, लयदार. रेग्युलर आणि बोल्ड. नावे आणि मथळा यांच्यासाठी पाहण्यासारखा.
- देक्को: साधे, अनौपचारिक हस्ताक्षर. जाडी एकच, म्हणून लहान आकारात जपून वापरा.

सोबतच्या साध्या मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा पुस्तकी वळणाचा टिरो देवनागरी मराठी घेता येईल. मुक्तमध्ये अनेक जाड्या आहेत. टिरो तर मराठी वळणे लक्षात घेऊनच बनवलेला आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. इंग्रजी पत्रिकांवर दिसते तशी केसासारखी बारीक, एकमेकांत गुंफलेली अक्षरे देवनागरीत फार थोड्या फॉन्टमध्ये सापडतील. रोमन वळणात अक्षरे खालून जोडली जातात, आपली शिरोरेषेला लटकतात. इंग्रजीची हुबेहूब नक्कल करायला गेलात तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. अगदी तसेच काही हवे असेल, तर फॉन्टच्या मागे न लागता दोन नावे सुलेखनकाराकडून लिहून घेणे बरे. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

युनिकोड की जुना फॉन्ट?

आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. छापील कामापुरते त्यांत वावगे काही नाही. अडचण दोन ठिकाणी येते.

1. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. म्हणून मजकूर बदलून घेतल्यावर प्रत्येक नाव नव्याने वाचा.
2. उलट बाजूने, जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाइलवर पाठवला की निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकले की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे सुटतात. फोटोशॉपमध्ये असे झाले तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांसाठीचा ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय निवडायला सांगा. ‘फॉन्टच तसा आहे’ हे उत्तर लगेच मान्य करू नका.

छपाईत नाजूक अक्षर कुठे मोडते?

पडद्यावर देखणे दिसणारे अक्षर कागदावर उतरताना या जागी घात होतो:

- बिंदू उडतो. अनुस्वाराचा ठिपका बारीक असेल तर मंठा ‘मठा’ होतो आणि जांब ‘जाब’.
- शिरोरेषेची मोकळी जागा बुजते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक एवढ्याशा फटीवर आणि गाठीवर असतो. शाई पसरली की ‘ध’चा ‘घ’ आणि भोकरदनचे ‘मोकरदन’ झालेच.
- गडद रंगावर पांढरे अक्षर. मरून किंवा गर्द निळ्या कागदावर अक्षर कोरे सोडले की शाई आत शिरते आणि बारीक रेघ नाहीशी होते. असे करायचेच असेल तर एक पायरी जाड फॉन्ट घ्या.
- चार रंगांतून बनलेले अक्षर. ऑफसेटला चारही प्लेट तंतोतंत बसल्या नाहीत की बारीक रेघ दुहेरी दिसते. नाजूक अक्षर एकाच शाईत छापायला सांगा.
- सोनेरी फॉईल. फॉईल बारीक रेघेवर तुटते आणि जवळच्या रेघांमध्ये भरते. आधी एक नमुना काढून घ्या.
- खरखरीत, हातकागदासारखा कागद. दिसतो छान, पण बारीक रेघ त्यावर तुटक उमटते. स्क्रीन प्रिंटिंग असेल तर हा धोका आणखी वाढतो.

अंदाजासाठी ढोबळ आकडे लक्षात ठेवा. नाजूक अक्षर २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. साधा मजकूर १० ते ११ पॉइंटपेक्षा बारीक नको. घरात वडीलधारी मंडळी जास्त असतील तर १२ ठेवा.

डीटीपी करणाऱ्याला आणखी तीन गोष्टी आधीच सांगा. दोन अक्षरांमधले अंतर ताणू नका, कारण शिरोरेषा तुटते. संगणकाचे बटण दाबून फॉन्ट जबरदस्तीने जाड किंवा तिरका करू नका, त्याची खरी बोल्ड जाडी असेल तीच वापरा. आणि दोन ओळींमध्ये भरपूर जागा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

मोबाइलवरची पत्रिका

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली पत्रिका दाबली जाते. त्यात बारीक अक्षर पुसट होते. त्यासाठी:

- पत्रिका ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा पीडीएफ करून पाठवा.
- तारीख, वेळ आणि ठिकाण चित्राखाली साध्या युनिकोड मजकुरात पुन्हा लिहा. नकाशाची लिंकही तिथेच द्या.
- एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी, फाइल कधीही उघडू नका. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या अशा फाइलमधून मोबाइलचा ताबा घेतला जातो. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश पोलिसांनी याबद्दल जाहीर इशारा दिला होता. पत्रिका चित्र किंवा पीडीएफच असते, आणि फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

प्रूफ कसे तपासावे?

प्रूफ मोबाइलवर पाहून ‘ओके’ लिहू नका. खऱ्या आकारात, शक्यतो त्याच कागदावर छापलेली प्रत मागा.

1. प्रत हातभर अंतरावर धरा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथला फॉन्ट बदला.
2. तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून पाहा.
3. फोन नंबर छापील प्रतीवरून प्रत्यक्ष लावून पाहा.
4. वधूवरांची नावे आधार कार्ड आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळवा. विवाह नोंदणीच्या वेळी ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत किंवा महापालिकेत पुरावा म्हणून लग्नपत्रिका सहसा मागितली जाते. वळणदार अक्षरातले नाव वाचता आले नाही किंवा स्पेलिंग वेगळे पडले, तर हेलपाटे तुमच्याच नशिबी येतात.
5. सगळे बरोबर असेल तरच प्रतीवर सही आणि तारीख टाका, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

सही केल्यानंतर सापडलेल्या चुकीची जबाबदारी बहुतेक वेळा तुमच्यावर येते. म्हणून सही शेवटी.

दुकानाच्या पाटीसाठी हेच अक्षर हवे असेल तर

बुटीक, ब्यूटी पार्लर, केकचे दुकान यांच्या पाटीवर नाजूक अक्षराचा मोह होतोच. पण पत्रिका हातात धरून वाचतात आणि पाटी रस्त्यावरून. साधारण दर १० फूट अंतराला अक्षराची उंची निदान १ इंच हवी, असा ढोबळ हिशेब ठेवा. रस्ता ४० फुटांवर असेल तर मूळ अक्षर, म्हणजे मात्रा-वेलांट्या सोडून, ४ इंचांचे हवे. फ्लेक्सवर बारीक रेघ उन्हात लवकर फिकी पडते. म्हणून नाव जाड हस्ताक्षरी फॉन्टमध्ये आणि व्यवसायाचा प्रकार साध्या अक्षरात ठेवा.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दुकान लहान असो वा मोठे, नामफलक देवनागरी लिपीतल्या मराठीत हवा. इतर भाषा चालतात, पण मराठी मजकूर सुरुवातीला हवा आणि त्याचे अक्षर इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. इंग्रजी नाव मोठ्या झोकदार अक्षरात आणि मराठी नाव खाली बारीक, अशी पाटी बनवून घेऊ नका. दंड तुम्हाला होईल, पाटी करणाऱ्याला नाही.

‘फ्री फॉन्ट’ म्हणजे नक्की काय?

- खुला परवाना (ओएफएल): गूगल फॉन्ट्सवरचे वर दिलेले फॉन्ट या परवान्यात आहेत. पत्रिका, पाटी, लोगो, विक्रीचा माल, सगळीकडे वापरा. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही.
- फक्त वैयक्तिक वापर: घरच्या कामाला मोफत, धंद्याला नाही. दुकानाच्या पाटीला किंवा पाकिटावर वापरायचा तर पैसे भरून परवाना घ्यावा लागतो.
- विकत घ्यायचे फॉन्ट: परवाना किती संगणकांसाठी आहे आणि कोणत्या वापरासाठी आहे, ते वाचा.
- पेन ड्राइव्हवर फिरणारे गठ्ठे: ‘पाचशे कॅलिग्राफी फॉन्ट’ असे गठ्ठे हातोहात फिरतात. त्यांत परवाना नसलेले फॉन्ट असतात, व्हायरसही असू शकतो. फॉन्टची फाइल हे सॉफ्टवेअर आहे आणि कॉपीराइट अधिनियम, १९५७ संगणक प्रोग्रॅमलाही संरक्षण देतो. व्यवसायाचा लोगो अशा फॉन्टवर उभा करू नका.

हाताने लिहून घ्यायचे असेल तर

दोन नावे किंवा दुकानाचे नाव सुलेखनकाराकडून लिहून घेतले, तर तसे अक्षर दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेवर किंवा पाटीवर सहसा दिसत नाही. मात्र बोलणी कागदावर आणा.

- किती नमुने देणार आणि किती दुरुस्त्या करणार?
- अंतिम फाइल कोणती? चित्राबरोबरच कितीही मोठी करता येईल अशी व्हेक्टर फाइल मागा.
- हक्क कोणाकडे? पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप तुमचे होत नाहीत. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि हद्द लिहिली नसेल तर भारतापुरती धरली जाते. लोगो कायमचा हवा असेल तर मुदत स्पष्ट लिहून घ्या.

पत्रिकेसाठी एवढा खटाटोप नको. तिथे ‘हे अक्षर पत्रिका, बॅनर आणि व्हिडिओसाठी वापरता येईल’ एवढी एक ओळ पुरते.

काम बिघडले तर?

पत्रिकेचे काम तुम्ही पैसे मोजून करून घेता, म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक ठरता.

- बिल मागा. बिल किंवा पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आगाऊ रक्कम दिली तर तिचीही पावती घ्या.
- चूक कोणाची, ते सही केलेल्या प्रूफवरून ठरवा. प्रूफमध्ये बरोबर आणि छापील प्रतीत चुकले असेल, तर पुन्हा छापून मागण्याचा तुमचा दावा भक्कम आहे. प्रूफमध्येच चुकले आणि तुम्ही सही केली असेल, तर सामोपचाराने निम्मा-निम्मा खर्च वाटून घेणे शहाणपणाचे.
- आधी लेखी कळवा. चुकीचा फोटो, प्रूफची प्रत आणि बिल जोडून व्हॉट्सॲपवर किंवा पत्राने मुदत द्या.
- तरी ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जालना जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते. व्यवहाराची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावणे बंधनकारक नाही.

थोडक्यात, कामाचा क्रम

1. मजकूर पूर्ण करा आणि नाजूक अक्षरात जाणारे शब्द अधोरेखित करा.
2. दोन फॉन्ट निवडा: एक नावांसाठी, एक बाकीच्या मजकुरासाठी. तिसरा नको.
3. तुमच्या घरची नावे आणि गावे त्यांत टाइप करून पाहा. ‘वऱ्हाडी’ आणि ‘ॲड.’ विसरू नका.
4. कागद, रंग आणि छपाईची पद्धत ठरल्यावरच अक्षराची जाडी ठरवा.
5. खऱ्या आकारातले प्रूफ, वाचन, दुरुस्ती, मग सही.
6. अंतिम पीडीएफ, बिल आणि सही केलेले प्रूफ एका पाकिटात ठेवा. नोंदणी होईपर्यंत ते जपा.

छापायला टाकण्याआधी निदान आठ दिवस हाताशी ठेवा. दोन प्रूफ आणि फॉईलचा एक नमुना एवढ्या अवधीत आरामात होतो. वेळ अगदीच कमी असेल तर हस्ताक्षरी फॉन्टचा नाद सोडून साध्या, स्वच्छ अक्षरात पत्रिका छापा. पाहुणे वेळेवर आणि योग्य गावी पोहोचले, की पत्रिकेचे काम झाले.